कान अचानक गेला, परत येईल का? उत्तर शोधताना डॉक्टर तोल का तपासतात

नागपुरात मे महिन्यात कूलरशिवाय झोपणारं घर विरळाच. पहाटे जाग येते आणि कूलर बंद पडलाय असं वाटतं. लाइट गेली असेल म्हणून माणूस कूस बदलतो, तर घरघर पुन्हा सुरू. परत आधीच्या कुशीवर वळलं की बंद. कूलर बिचारा रात्रभर चालूच असतो. उशीत दबलेला कान चांगला असतो, आणि वरचा कान रात्रीतून गेलेला असतो. कुणाला हे फोनवर कळतं. डाव्या कानाला लावला की पलीकडून कोणी बोलतच नाही, म्हणून गडी आधी मोबाइलच्या दुकानात स्पीकर बदलायला जातो आणि चार दिवसांनी कानाच्या डॉक्टरकडे.

याला डॉक्टर अचानक आलेला चेताजन्य बहिरेपणा म्हणतात. आपण 'अचानक बहिरेपणा' म्हणू. जून २०२४ मध्ये गायिका अलका याज्ञिक यांनी इन्स्टाग्रामवर लिहिलं, की काही आठवड्यांपूर्वी विमानातून उतरल्यावर आपल्याला काहीच ऐकू येईनासं झालं आणि विषाणूमुळे हे झाल्याचं डॉक्टरांनी सांगितलं. असा काही आजार असतो, हे अनेकांना तेव्हा पहिल्यांदा कळलं.

या पेशंटचा पहिला आणि शेवटचा प्रश्न एकच असतो: परत ऐकू येईल का? त्याचा अंदाज बांधायला डॉक्टर कधीकधी कानाबरोबर तोलाच्याही तपासण्या लिहून देतात. इथे घरचे बिचकतात. "डॉक्टरसाहेब, कान गेला माझा अन् तुम्ही चक्कर काऊन तपासून राहिले?" प्रश्न रास्त आहे. बिल वाढवायचा हा प्रकार आहे का, ही शंकाही रास्त आहे. उत्तर मात्र बरंच रंजक आहे.

'अचानक' म्हणजे किती, आणि 'गेला' म्हणजे किती

जास्तीत जास्त ७२ तासांत, लागून असलेल्या तीन स्वरपट्ट्यांवर ३० डेसिबल किंवा जास्त ऐकू येणं कमी झालं, तर या आजाराचं निदान होतं. डेसिबलची पट्टी सरळ चढत नाही. दर १० डेसिबलला आवाजाची ऊर्जा दहापट होते. म्हणजे ३० डेसिबल गेले, तर काल जेवढ्या आवाजात भागत होतं त्याच्या हजारपट ऊर्जा आज लागते. शांत खोलीतली कुजबूज साधारण ३० डेसिबलची आणि समोरासमोरचं बोलणं साठाच्या आसपास.

हा आजार बहुतेक वेळा एकाच कानाला होतो. अमेरिकेतल्या आकड्यांनुसार दर लाख लोकांत वर्षाला ५ ते २७ जणांना तो होतो. दहापैकी नऊ जणांत नेमकं कारण सापडतच नाही. विषाणू, आतल्या कानाचा रक्तपुरवठा तुटणं आणि शरीराच्या स्वतःच्याच प्रतिकारशक्तीचा हल्ला, असे तीन संशयित कायम यादीत असतात.

गोंधळ असा होतो, की मळ साचला किंवा सर्दीने कान दडपला तरी असंच वाटतं. म्हणून तेल टाकणं, बड्स फिरवणं, 'कूलरची हवा लागली' म्हणत आठवडा काढणं हे सगळं होतं. घरी एक साधी खूण पाहता येते. तोंड मिटून 'म्म्म' असा हुंकार द्यायचा. आवाज बिघडलेल्या कानात जास्त घुमला तर अडथळा बहुधा बाहेरचा किंवा कानाच्या पडद्यामागचा, म्हणजे मळ, पाणी, सर्दी. चांगल्या कानात घुमला तर आतला कान किंवा नस. डॉक्टर हेच काम ५१२ हर्ट्झचा नादकाटा कपाळावर टेकवून करतात. हुंकारावर निदान होत नाही, पण 'बघू सोमवारी' म्हणायचं की आजच निघायचं, एवढं ठरवायला तो पुरतो.

एका वाड्यातली दोन बिऱ्हाडं

आतला कान कवटीच्या कठीण हाडात पोखरलेल्या पोकळीत असतो. त्याचा एक भाग वेटोळं घेतलेली नळी, तिला कॉक्लिया म्हणतात. ऐकणं इथे होतं. तिच्यात सुमारे १५,००० केसपेशी असतात. आवाजाच्या लाटेने त्यांची टोकं हलतात आणि नसेत संदेश जातो. माणसात मेलेली केसपेशी पुन्हा उगवत नाही. पक्ष्यांत उगवते, आपलं तेवढं नशीब नाही. पण सगळ्याच बिघडलेल्या पेशी मेलेल्या नसतात, काही नुसत्या बधिर झालेल्या असतात. त्या शुद्धीवर आल्या की ऐकू येणं परततं. 'परत येईल का' या प्रश्नाचा खरा अर्थ हाच: किती मेल्या आणि किती बधिर आहेत? आणि ते थेट पाहायची कोणतीही सोय जिवंत माणसात नाही.

त्याच पोकळीत, त्याच पाण्याला लागून तोलाचे पाच अवयव राहतात. तीन अर्धवर्तुळाकार नळ्या डोकं वळल्याचं ओळखतात. युट्रिकल आणि सॅक्युल या दोन पिशव्या सरळ रेषेतली गती आणि गुरुत्वाकर्षण ओळखतात. या पाचांना आणि कॉक्लियाला रक्त एकाच बारीक धमनीतून येतं, आणि तिला पर्यायी वाट नाही.

नागपूरच्या महाल भागातल्या जुन्या वाड्यात दोन बिऱ्हाडं आहेत आणि खांबावरून एकच लाइन आलीये असं समजा. आपल्याकडची लाइट गेली की आपण आधी काय करतो? शेजारच्यांच्या खिडकीत डोकावतो. त्यांच्याकडे उजेड असेल तर आपलाच फ्यूज उडालाय, लवकर उरकेल. त्यांच्याकडेही अंधार असेल तर बिघाड वर कुठेतरी आहे आणि रात्र तशीच काढावी लागेल. तोलाची तपासणी म्हणजे हे शेजारी डोकावणं. कॉक्लियाच्या आत पाहता येत नाही, पण शेजाऱ्याकडे पाहता येतं.

वाड्याची तुलना एका जागी अपुरी पडते. आजार रक्ताच्या वाटेनेच आला असेल असं नाही. विषाणू किंवा सूज आतल्या पाण्यातूनही पसरू शकते. पण निष्कर्ष फारसा बदलत नाही. नुकसान जितकं पसरलेलं, तितकी परतीची आशा कमी.

तपासण्या होतात तरी कशा

जुनी आणि नावाजलेली तपासणी म्हणजे कॅलरिक. पेशंटला डोकं किंचित उचलून झोपवतात आणि कानात आधी एका, मग दुसऱ्या तापमानाचं पाणी किंवा हवा सोडतात, शरीराच्या ३७ अंशांपेक्षा सात अंश कमी आणि सात अंश जास्त. म्हणजे ३० आणि ४४. (४४ अंश म्हणजे आपली मे महिन्यातली दुपार, नागपूरकराला त्याचं काय कौतुक!) तापमानातल्या फरकाने नळीतलं पाणी हलतं, मेंदूला वाटतं डोकं फिरतंय, आणि डोळे एका लयीत झटके देऊ लागतात. डोळ्यांवर कॅमेऱ्याचा गॉगल असतो, तो हे झटके मोजतो. दोन्ही कानांच्या प्रतिसादात साधारण चतुर्थांशापेक्षा जास्त फरक आला तर कमी बाजू कमजोर धरतात. मिनिट-दोन मिनिटं गरगरतं, म्हणून तर्री-पोह्यांचा नाश्ता करून जाऊ नये. मधेच ऑडिओलॉजिस्ट गावांची नावं सांगायला किंवा पाढे म्हणायला लावतात. पेशंट गरगरत्या डोक्याने 'वाडी, बाजारगाव, कोंढाळी, कारंजा' करत अमरावतीकडे निघतो. ही थट्टा नव्हे. मन सुस्तावलं तर झटके दबतात आणि मोजमाप चुकतं. ही तपासणी बसवणाऱ्या रॉबर्ट बाराणी यांना १९१४ चं नोबेल मिळालं. तेव्हा ते रशियात युद्धकैदी होते.

दुसरी तपासणी म्हणजे डोक्याला झटका. नावाला घाबरू नका. भिंतीवरच्या ठिपक्यावर नजर रोखायची आणि मागे उभे असलेले तपासनीस डोकं अचानक दहा-वीस अंश वळवतात. नळी शाबूत असेल तर डोळे ठिपक्यावरच राहतात. कमजोर असेल तर डोळे डोक्याबरोबर वाहवत जातात आणि मग उडी मारून ठिपक्यावर परततात. गॉगल डोळ्याच्या वेगाला डोक्याच्या वेगाने भागतो. उत्तर एकच्या आसपास आलं की ठीक. आडव्या नळीसाठी ०.८ च्या आणि उभ्या नळ्यांसाठी ०.७ च्या खाली आलं की शंका. काही मिनिटांत दोन्ही कानांच्या मिळून सहाही नळ्या होतात. कॅलरिक मात्र मुख्यतः आडव्या नळीचीच खबर देते.

तिसरी तपासणी व्हेम्प. मानेवर इलेक्ट्रोड लावतात, मान ताणून धरायला सांगतात आणि कानात मोठा 'टक्-टक्' आवाज सोडतात. सॅक्युल शाबूत असेल तर प्रत्येक टक्‌ला मानेचा स्नायू क्षणभर सैल पडतो. माणसाला ते जाणवतही नाही, यंत्राला दिसतं. युट्रिकलसाठी इलेक्ट्रोड डोळ्याखाली लावतात आणि वर बघायला सांगतात. सॅक्युलला आवाज कळतो याचं नवल नको, माशांमध्ये ऐकण्याचं काम तोच करतो.

मग अंदाज कसा निघतो

आता मुद्द्याचं. बऱ्याच अभ्यासांत एकच कल दिसतो: तोलाच्या तपासण्या नॉर्मल असलेल्यांचं ऐकणं जास्त प्रमाणात सुधारतं. तोलाचे जितके जास्त अवयव बिघडलेले, तितकी सुधारणा कमी.

यातली एक जोडी विशेष बघण्यासारखी आहे. धमनी आत शिरल्यावर फुटते आणि तिची एक छोटी फांदी तीन ठिकाणी जाते: मागची अर्धवर्तुळाकार नळी, सॅक्युलचा बराचसा भाग आणि कॉक्लियाचं बुडाकडचं वेटोळं. या वेटोळ्यात बारीक, उंच पट्टीचे आवाज ऐकू येतात, बोलण्यातले 'स', 'श', 'फ' वगैरे. म्हणून एखाद्याला उंच पट्टीचेच आवाज गेले असतील आणि त्याची मागची नळी व सॅक्युलही मंदावलेले असतील, तर बिघाड त्या फांदीच्या रक्तपुरवठ्यात असावा असा संशय बळावतो. अशांचं भवितव्य सहसा फारसं चांगलं नसतं. उलट खालच्या पट्टीचे, जाड आवाजच गेले असतील आणि शेजारच्या बिऱ्हाडात सगळं ठीक असेल, तर डॉक्टरांच्या चेहऱ्यावर जरा समाधान दिसतं.

'सुधारणा' हा शब्दही नीट पारखून घ्या. १९७५ पासून वापरात असलेल्या एका मोजपट्टीत ऐकण्याची पातळी २५ डेसिबलच्या आत आली तरच पूर्ण सुधारणा धरतात. ९० डेसिबलवर गेलेला कान ६० वर आला तर कागदावर ३० डेसिबलची कमाई दिसते, पण मोजपट्टीत तिची गणना किरकोळ सुधारणेत होते आणि त्या कानाने फोनवर बोलणं तरीही अवघडच जातं. 'साठ टक्के लोक सुधारतात' असं कोणी म्हटलं, तर कोणत्या मोजपट्टीने, हे विचारलंच पाहिजे.

"हे तर ऑडिओग्रामवरूनच कळत होतं की!"

हा आक्षेप सगळ्यात वजनदार आहे आणि तो झटकून टाकता येत नाही. ज्याचा कान जास्त गेला, त्याचा तोलही बहुधा जास्त बिघडलेला असतो. मग तोलाची तपासणी काही नवीन सांगते, की ऑडिओग्रामचीच री ओढते? ऑडिओग्राम, म्हणजे ऐकण्याचा आलेख, हा स्वतःच तगडा अंदाज देतो: किती गेलं आणि कोणत्या पट्टीत गेलं. त्यात पेशंटचं वय, चक्कर आली का आणि उपचार कितव्या दिवशी सुरू झाले, हे मिळवलं की बरंचसं चित्र उभं राहतं.

माझं मत विचाराल तर तोलाच्या तपासणीची खरी किंमत मधल्या पेशंटमध्ये आहे. ३५-४० डेसिबल गेलेल्याला आशा आहे, हे यंत्राशिवायही सांगता येतं. काहीच ऐकू न येणारा, गरगरत आलेला पेशंट कठीण आहे, हेही. पण साठ-सत्तर डेसिबलच्या आसपास अडकलेले दोन पेशंट, आलेख जवळपास सारखे. एकाची व्हेम्प आणि झटक्याची तपासणी स्वच्छ, दुसऱ्याची दोन्हींत गडबड. इथे शेजारी डोकावून काहीतरी हाती लागतं. तरी सगळ्या अभ्यासांचं एकमत नाही. कित्येक अभ्यास लहान आहेत, प्रत्येकाची 'सुधारणे'ची व्याख्या आणि औषधांची पद्धत वेगळी आहे.

तपासण्यांनाही खोड्या आहेत. साठी ओलांडल्यावर व्हेम्पचा प्रतिसाद निरोगी माणसातही मंदावतो. पडद्याला भोक किंवा मागे पाणी असेल तर टक्‌चा आवाज आत पुरेसा पोचतच नाही आणि रिपोर्ट उगाच वाईट दिसतो. कॅलरिक फार संथ हालचाल जोखते आणि झटका फार वेगवान, त्यामुळे एक बिघडलेली आणि एक नॉर्मल असंही येतं. म्हणून एकाच कागदावर विसंबून 'तुमचा कान गेला' असं सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नये.

"पण मला चक्कर आलीच नाही"

या आजारात साधारण तिघांतल्या एकाला चक्कर येते. न आलेल्यांच्या तपासणीतही तोलाचा बिघाड सापडतो, कारण दुसरा कान, डोळे आणि पायांखालची जमीन मिळून मेंदूला सांभाळून घेतात. म्हणजे चक्कर नसणं हे शेजारी उजेड असल्याचं प्रमाणपत्र नव्हे.

चक्कर आली असेल तर मात्र एक गोष्ट घाईची. कान गेला, भयंकर गरगरतंय आणि त्यासोबत बोलणं अडखळतंय, तोंड वाकडं झालंय, दोन-दोन दिसतंय, हातपाय लुळे पडलेत किंवा उभंच राहता येत नाही, यातलं काहीही असेल तर तो मेंदूचा झटका असू शकतो. आतल्या कानाची धमनी मेंदूच्या मागच्या भागाला रक्त देणाऱ्या धमनीतूनच फुटते. तेव्हा कानाच्या ओपीडीचा नंबर लावत बसू नये, सरळ आपत्कालीन विभाग गाठावा.

"एमआरआय नॉर्मल आला, मग ऐकू का येत नाही?"

कारण एमआरआय केसपेशी दाखवत नाही. तो नसेवर गाठ वगैरे नाही ना, हे पाहायला काढतात. अशी गाठ थोड्याच जणांत निघते, पण निघाली तर चुकवून चालत नाही. नॉर्मल एमआरआयवरून कान परत येईल की नाही, हे कळत नाही.

"रिपोर्ट वाईट आहे, मग औषध कशाला घ्यायचं?"

घ्यायचं. तोलाचा रिपोर्ट उपचार ठरवत नाही, आणि त्याची वाट पाहत उपचार थांबवायचे तर नाहीतच. ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकण्याची तपासणी, होऊन निदान झालं, की उपचाराचं घड्याळ सुरू झालेलं असतं. मुख्य औषध स्टेरॉइड. ते पहिल्या दोन आठवड्यांत, जितक्या लवकर तितकं बरं. पुरेसा फरक पडला नाही तर दोन ते सहा आठवड्यांच्या काळात पडद्यातून मधल्या कानात स्टेरॉइडचं इंजेक्शन देतात.

शुगरवाल्यांना गोळ्यांची धास्ती असते आणि ती खोटी नाही, स्टेरॉइडने शुगर चढते. २०११ मध्ये अमेरिकेतल्या एका मोठ्या चाचणीत कानातल्या इंजेक्शनचा परिणाम गोळ्यांपेक्षा कमी नसल्याचं दिसलं, त्यामुळे हा पर्याय डॉक्टरांशी बोलता येतो. 'डोस जरा तगडा द्या' असा आग्रह मात्र धरू नये. जर्मनीत झालेल्या आणि २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत खूप मोठ्या डोसचा जास्त फायदा दिसला नाही, दुष्परिणाम तेवढे वाढले. रक्ताची गुठळी विरघळवणारी, रक्तवाहिन्या 'खोलणारी' किंवा विषाणूविरोधी औषधं सरसकट देऊ नयेत, असंच अमेरिकेतल्या कानतज्ज्ञांच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांत आहे.

"आपोआपही बरं होतं म्हणतात"

होतं. उपचाराशिवायही साधारण एक तृतीयांश ते दोन तृतीयांश लोक काही ना काही सुधारतात, असं बऱ्याच ठिकाणी नोंदलेलं आहे. म्हणून तर 'आमच्या मावशीचा कान अमक्या तेलाने आला' अशा गोष्टी गावोगाव ऐकू येतात. तेल घातलं नसतं तरी आला असता. पण आपण त्या भाग्यवान गटात आहोत की नाही, हे कळेपर्यंत औषधाची मुदत टळलेली असते. ही घाई तेवढ्यासाठी.

अंदाज कळून करायचं काय

एक तर वाट किती पाहायची, हे ठरतं. बहुतेक सुधारणा पहिल्या काही आठवड्यांत होते. नंतरही सहा महिन्यांपर्यंत ऑडिओमेट्री करून लक्ष ठेवतात. अंदाज चांगला असेल तर धीर धरता येतो. वाईट असेल तर एका कानावर जगायची तयारी लवकर सुरू होते. एकच कान उरला की आवाज कुठून आला ते कळत नाही. व्हरायटी चौकात हॉर्न वाजला तरी गाडी डावीकडे की उजवीकडे, हे मान वळवल्याशिवाय उमगत नाही. अशांसाठी बिघडलेल्या बाजूचा आवाज चांगल्या कानाकडे पाठवणारं यंत्र असतं, काहींना कॉक्लियर इम्प्लांटचा विचार करता येतो. शिक्षकाने वर्गात आणि दुकानदाराने गल्ल्यावर कोणत्या बाजूला उभं राहायचं, एवढ्या बदलानेही दिवस सुकर होतो.

दुसरं, तोल खरोखर कमजोर निघाला तर त्याचे व्यायाम असतात: नजर एका ठिकाणी ठेवून मान हलवणं, मऊ गादीवर उभं राहणं, वळत-वळत चालणं. अंधारात बाथरूमला उठणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला याचा फायदा कानापेक्षाही जास्त होतो. घसरून मांडीचं हाड मोडणं टळतं.

सोयीचं बोलायचं तर ऑडिओमेट्री बऱ्याच ठिकाणी होते. व्हिडिओ गॉगल आणि व्हेम्पची यंत्रं मोजक्याच ठिकाणी सापडतात. काटोल, उमरेड, गोंदिया किंवा छिंदवाड्याहून येणाऱ्यांनी आधी जिथे जवळ असेल तिथे ऑडिओग्राम काढून औषध सुरू करावं, तोलाच्या तपासणीसाठी नागपूरला नंतर आलं तरी चालतं. मेडिकल कॉलेजचं रुग्णालय, मेयो रुग्णालय किंवा मिहानातलं एम्स, कुठेही जा, पहिल्या दिवसाचा ऑडिओग्राम सोबत हवाच. सुधारणा मोजायची ती त्या कागदापासून, आणि नेमका तोच घरी विसरलेला असतो.